अननसाचा डबा आणि एक्स्टर्नल सर

हौस म्हणून बाहेरून एमए करतोय, इंग्लिशमध्ये, या वयात. परवा वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा झाली आणि डोकं अजून तापलेलंच आहे. आलं काय, तर ‘थ्री मेन इन अ बोट’. म्हटलं चला, आज आपला दिवस. जेरोम के. जेरोम या इंग्लिश लेखकाचं हे विनोदी पुस्तक लोकलमध्ये वाचताना मी एवढा फिसफिसलोय की शेजारच्यांनी जागा बदलल्यात.

एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, मात्र बारशालाही न हसलेले असावेत. म्हणाले, “पाइनॲपल टिनच्या प्रसंगाचं महत्त्व सांगा.”

मी खुललोच. थेम्सवर होडीतले तिघे, बीफला मोहरी नाही म्हणून आधीच तोंडं पडलेली, त्यात अननसाचा डबा सापडतो आणि ओपनरचा पत्ता नाही. हॅरिस चाकू लावतो, चाकू मोडतो नि हातही कापतो, जॉर्जची कात्री उडून डोळ्यापाशी जाते, आपला निवेदक होडीच्या आकड्यानं भोक पाडायला जातो तो स्वतःच चिखलात, आणि डबा? डब्याला ओरखडा नाही, उलट गडगडत जाऊन त्यानंच एक कप फोडला.

“ठीक. पण सिम्बॉल कशाचं?”

“सर, भूक लागलीय हो त्यांना.”

“अननस इंग्लंडात पिकतो का?”

“नाही.”

“मग! वसाहत. बंद डबा म्हणजे एम्पायर.”

“आणि कप फुटतो तो?”

“चहा कुठून येतो?” सर विजयी मुद्रेनं म्हणाले. शेजारच्या मॅडमनी ते लिहूनही घेतलं. मोहरीचं विचारायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात खराच चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात धरून तिथेच थबकला होता. “मग उघडला का हो डबा शेवटी?”

नाही ना! अणकुचीदार दगड डब्यावर धरून वरून होडीची डोलकाठी हाणली, जॉर्ज वाचला तो स्ट्रॉ हॅटमुळे, डब्याला मात्र एक पोचा असा पडला की तो दात काढतोय असं वाटावं, मग हॅरिसनं चिडून नदीत भिरकावला.

“खिळा ठोकायचा ना बाजूनं,” शिपाई कळवळून म्हणाला. सरांनी त्याला ट्रे ठेवून जायला सांगितलं.

आता मला सांगा, या प्रसंगात बोलण्यासारखं काय आहे? माणसं रक्तबंबाळ होतायत आणि सांगणारा हिशोबाची वही वाचल्यासारखा शांत. गंमत तिथे आहे. याच पुस्तकात गोरिंगपाशी नदीत एका बाईचं प्रेत सापडतं आणि त्याच सांगणाऱ्याचा सूर एकदम बदलतो, ते का, हे विचारा की! नाही. गाइडमध्ये आयरनी, सटायर, बेथॉस, हायपरबोल असल्या साहित्यातल्या संज्ञा, प्रत्येकी चार ओळी, खाली वसाहतवाद. माझ्या आधीची पोरं तेच घोकून आली नि हसत बाहेर पडली. १८८९ साली पुस्तक आलं तेव्हा तिकडच्या समीक्षकांनी भाषा हलकी म्हणून नाकं मुरडली होती, पण निदान त्यांनी ते वाचलं तरी होतं.

मला काठावर पास केलंय. फी मात्र पूर्ण घेतात.

पुढच्या सेमिस्टरला डिकन्सचं ‘पिकविक पेपर्स’ आहे, १८३६-३७चं. त्यात एक जाडा पोरगा उभ्या उभ्या झोपतो. तो कोणती वसाहत, हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.