गॅस भरताना आपल्या बोटांना झालेल्या इजेबाबत

सप्रेम नमस्कार.

एअर कंडिशनरमध्ये गॅस भरून नळी सोडवताना द्रव गॅस आपल्या बोटांवर उडाला, आमच्या मेकॅनिकने "थोडं गार लागलं, काही होत नाही" म्हणत बोटे फडक्याने चोळली आणि दुसऱ्या दिवशी फोड आले, असे आपण लिहिले आहे. मी त्याच्याकडे चौकशी केली. आपले म्हणणे खरे आहे आणि मी आपली मनापासून माफी मागतो.

आपल्या यंत्रातला आर-४१०ए हा थंडावा देणारा गॅस म्हणजे दोन वायूंचे मिश्रण आहे. त्यांचे प्रमाण बिघडू नये म्हणून तो सिलिंडरमधून द्रवरूपातच काढावा लागतो आणि नळी सोडवण्याआधी तिच्यात उरलेला द्रव यंत्रात ओढून घ्यावा लागतो. ते केले गेले नाही. आपल्याला इतक्या जवळ उभे राहू दिले, ही तर त्याहून मोठी चूक. दाब सुटताच हा द्रव उणे ५१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्वचेतून खेचून घेतो, त्यामुळे त्वचेतले पाणी गोठते. अशी गोठलेली बोटे चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. त्याऐवजी अंगठ्या काढून हात ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे अर्धा तास बुडवून ठेवायला हवा होता. बधिरपणामुळे सुरुवातीला दुखत नाही, आणि आमचा माणूस नेमका तिथेच फसला.

आपण याला "ॲसिडने भाजणे" म्हटले आहे. वाद घालण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांना नेमके कारण कळावे म्हणून सांगतो की हा हिमदंश आहे. कृपया फोड फोडू नका आणि बोटे शेकू नका, कारण बधिर त्वचेला चटका कळत नाही. फोडांत रक्त दिसत असेल किंवा बोटे अजून बधिर असतील, तर इजा खोलवर गेलेली असू शकते. आजच्या आज दाखवा.

मेकॅनिकच्या पेटीत हातमोजे होते, पण साध्या कापडाचे, आणि असे कापड द्रव शोषून तो त्वचेलाच लावून धरते. आता थंडी रोखणारे हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय आमचा कोणीही नळीला हात लावणार नाही. हाच द्रव आपल्या डोळ्यांत उडाला असता तर, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

कामाचे पैसे परत पाठवले आहेत. उपचारांचा संपूर्ण खर्च आम्ही देऊ. डॉक्टरांना दाखवण्यासाठी या गॅसचे सुरक्षा-माहितीपत्रक हवे असल्यास मी स्वतः आणून देईन.