वृद्धाश्रमापेक्षा क्रूझ स्वस्त? काका, एकदा हिशोब तर करून बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा काकांनी तो फॉरवर्ड परत टाकला. 'वृद्धाश्रमात कशाला जायचं, त्यापेक्षा क्रूझवर राहा' वाला. ज्यांच्या ग्रुपवर अजून आला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोटीवर एक आजी भेटतात, सगळे वेटर त्यांना ओळखत असतात, चौकशी केल्यावर कळतं की त्या गेल्या कित्येक फेऱ्या बोटीवरून उतरलेल्याच नाहीत. मग आजींचा हिशोब येतो. वृद्धाश्रमाला रोजचे २०० डॉलर, क्रूझला सिनियर सिटिझन डिस्काउंट धरून १३५, वर टीप म्हणून रोज १० डॉलर दिले तरी फायदाच. हवं तेवढं खा, रूम सर्व्हिस, स्विमिंग पूल, रोज रात्री शो, डॉक्टर बोटीवरच, पडून खुब्याचं हाड मोडलं तर कंपनी आयुष्यभरासाठी मोठी आलिशान खोली (सूट) देते, आणि मेल्यावर समुद्रात सोडतात म्हणजे तोही खर्च वाचला. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'विचार करण्यासारखं आहे'.

तर मी केला विचार. दोन संध्याकाळी बसून केला. आणि काका, राग मानू नका, पण तुमच्या फॉरवर्डमधला शेवटचा इमोजी सोडला तर फारसं काही टिकत नाही.

सुरुवात पैशापासूनच करू. हा मजकूर मुळात इंग्रजी ईमेलवरून आलाय, वीसेक वर्षं जुना आहे, आणि मराठीत आणणाऱ्याने आजी बदलल्या नाहीत, बोट बदलली नाही आणि १३५ हा आकडाही तसाच ठेवला. बरं, तो आकडा आजही खरा धरू. १३५ गुणिले ३० म्हणजे महिन्याला ४,०५० डॉलर, डॉलर ९० च्या आसपास धरला तर साडेतीन लाखांच्या वर जातं. माझी मावशी पुण्यात कोथरूडच्या पुढे एका वृद्धाश्रमात राहते, तिथे महिन्याला २८ हजार घेतात, स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं त्यात. म्हणजे क्रूझच्या एका महिन्यात मावशी तिथे वर्षभर राहते आणि दिवाळीला सगळ्यांना साड्या घेऊन वर पैसे उरवते. इथेच खरं तर विषय संपायला हवा होता पण तुम्ही म्हणाल अमेरिकेत तर खरं आहे ना, म्हणून पुढे लिहितोय.

अमेरिकेत काय आहे बघू. या फॉरवर्डखाली कधीकधी 'डॉक्टरांनी संशोधन करून सिद्ध केलंय' असंही चिकटवलेलं असतं. संशोधन खरंच आहे. २००४ साली ली लिंडक्विस्ट नावाच्या वृद्धरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट गोलुब यांनी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या जर्नलमध्ये हा हिशोब मांडला होता, २० वर्षांचा खर्च काढला होता, आणि त्यात क्रूझचा आकडा आला साधारण २ लाख ३० हजार डॉलर आणि वृद्धनिवासाचा २ लाख २८ हजार. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर क्रूझ स्वस्त असं सांगतात त्यातच क्रूझ दोनेक हजारांनी महाग निघाली होती! त्यांचं म्हणणं एवढंच होतं की खर्च जवळपास सारखा येतो, तर ज्यांना थोडीच मदत लागते अशा लोकांसाठी या पर्यायाचा विचार करायला हरकत नाही. आणि तुलना होती ती हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांच्या वृद्धनिवासाशी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या नर्सिंग होमशी नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, उगाच एकतर्फी नको. वृद्धाश्रम तिकडे भयंकर महागलेत. जेनवर्थ नावाची विमा कंपनी दरवर्षी याचा सर्व्हे करते, २०२४ च्या त्यांच्या आकड्यांनुसार नर्सिंग होममधली स्वतंत्र खोली वर्षाला १,२७,७५० डॉलर, म्हणजे दिवसाला बरोबर ३५०. त्यामुळे एखाद्या अमेरिकन आजोबांना दीडशे डॉलरची केबिन दिसली तर मोह होणारच, त्यांना हसू नये. पण ते ३५० खोलीचे नसतात हो. रात्री दोनदा कूस बदलायला, भरवायला, डायपर बदलायला माणूस लागतो त्याचे असतात. बोटीवर ते काम कोणी करत नाही. केबिन स्टुअर्ड चादर बदलतो आणि टॉवेलचा हत्ती करून ठेवतो, तुमची कूस बदलत नाही.

आता टीप. १० डॉलर म्हणे! माझा मामेभाऊ मालवणचा, आठ वर्षं बोटीवर केबिन स्टुअर्ड होता, त्याला हे वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर आता माणशी रोज १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी (म्हणजे टीपच) आपोआप बिलात लागते. १८ धरा, महिन्याचे झाले ५४०, रुपयांत ४८ हजार ६००. मावशीचं २८ हजारांत सगळं राहणं खाणं होतं आणि इथे नुसती टीप ४८ हजार.

आणि खरी गोम इथेच आहे. पूर्वी क्रूझची मजा काय होती तर एकदा तिकीट काढलं की पाकीट कपाटात ठेवायचं, उतरताना बाहेर काढायचं, त्यामुळे मध्यमवर्गीय माणसालाही ते परवडल्यासारखं वाटायचं. मार्च २०२० मध्ये सगळं ठप्प झालं, अमेरिकेतून तर बोटी वर्षभराहून जास्त काळ निघाल्याच नाहीत, कंपन्यांनी कर्जावर दिवस काढले, एकट्या कार्निव्हलचं कर्ज ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. ते फेडायचं कोणी? तुम्ही आम्हीच. पण तिकीट एकदम वाढवलं तर जाहिरातीत वाईट दिसतं, म्हणून तिकीट त्या मानाने बेताने वाढवायचं आणि बाकीच्या एकेका गोष्टीला किंमत लावायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अगदी तसंच.

फॉरवर्डमधली रूम सर्व्हिस घ्या, रॉयल कॅरेबियनने २०१७ पासूनच साधा कॉन्टिनेंटल नाश्ता सोडून बाकी ऑर्डरला ७.९५ डॉलर लावलेत. बफे अजून फुकट आहे, ते खरं, आणि चांगला असतो, पण जरा बऱ्या रेस्टॉरंटात बसायचं तर वेगळे पैसे, वायफायचे वेगळे, ड्रिंक पॅकेज वेगळं आणि त्यावर परत १८-२० टक्के सर्व्हिस, आणि बऱ्याच बोटींवर केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. म्हणजे नवरा पिणारा आणि बायको लिंबू सरबतवाली असली तरी दोघांचे भरा.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा-मुंबई दोन रात्री करून आलोय, बोटीचं नाव घेत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी सहा वाजता काउंटरसमोर लाइन, सगळे हातात बिलाचा कागद धरून उभे, माझ्या पुढचे गृहस्थ बायकोला विचारतायत 'हे ४२० काय आहे गं' आणि ती म्हणतेय 'चहा'. बफेची वेळ संपल्यावर कॅफेत घेतलेला आल्याचा चहा होता तो, दोन कप. आमच्या बिलात चिरंजीवांनी आर्केडमध्ये चार वेळा कार्ड स्वाइप केलेलं होतं. डेकवरून सूर्योदय बघायचा राहिलाच त्या लाइनपायी.

बरं सिनियर सिटिझन डिस्काउंट! डिस्काउंट कधी मिळतो, केबिन रिकाम्या जात असतील तेव्हा. २०१९ मध्ये जगात २ कोटी ९७ लाख लोक क्रूझवर गेले होते, २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख. एवढी भरभरून जात असतील तर आजींना सवलत कशाला देतील. उलट आजी एकट्या आहेत म्हणून जास्त घेतील, कारण जाहिरातीतला दर नेहमी ट्विन शेअरिंगचा, म्हणजे केबिनमध्ये दोघं धरून, माणशी असतो, एकटा माणूस केबिन अडवतो म्हणून बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचेही जवळपास सगळे पैसे त्याच्याकडूनच घेतात. फॉरवर्डमध्ये हे कुठे आहे? नाहीच.

त्यात आता बंदरंही हात धुवून घेतायत. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझवरून उतरणाऱ्याला सीझनमध्ये माणशी २० युरो लावले. शिवाय युरोपात २०२४ पासून जहाजांच्या धुराचेही पैसे कंपन्यांना भरावे लागतात, टप्प्याटप्प्याने वाढत. यातला आपला वाटा शेवटी तिकिटात नाहीतर 'टॅक्स, फीज अँड पोर्ट एक्सपेन्सेस' अशा ओळीत येऊन बसतो, आणि ती ओळ आपण कधी वाचत नाही.

आता एक मुद्दा जो फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं कारण त्याचा पासपोर्ट अमेरिकन. आपल्या आजींना व्हिसा लागतो. युरोपात शेंगेनवर १८० दिवसांत ९० दिवस, त्याउपर नाही. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने. म्हणजे कायमचं बोटीवर राहायचं तर आजींना व्हिसाची वही घेऊन बसावं लागेल. मुंबईहून जावं म्हटलं तर पावसाळ्यात बोट इथे नसतेच, २०२२ च्या जूनमध्ये मुंबईहून निघणारी कॉर्डेलिया ही बोट चेन्नईकडे गेली होती. मग चार महिने आजी कुठे? मुलाकडेच ना?

डॉक्टर बोटीवरच. हो, असतो. दवाखानाही असतो. पण फुकट नसतो, बिल डॉलरमध्ये खोलीच्या खात्यावर चढतं आणि आपला मेडिक्लेम तिथे दाखवून उपयोग नाही, वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो जो सत्तरीनंतर कसा मिळतो ते एकदा कोटेशन मागवून बघा. तो दवाखाना आहे हो, हॉस्पिटल नव्हे. हार्टचं काही झालं किंवा हाड मोडलं तर जवळच्या बंदरावर उतरवतात. हा सूटवाला किस्सा मामेभावाला विचारला तर म्हणाला, 'अरे आठ वर्षांत कोणाला बाथरूमचा पडदा पण फुकट बदलून नाही दिला, सूट कसला.'

खरंच बोटीवर राहिलेली माणसं आहेत, ते नाकारत नाही. बिॲट्रिस म्युलर नावाच्या बाई क्वीन एलिझाबेथ २ वर काही वर्षं राहिल्या, २००८ मध्ये ती बोटच सेवेतून काढली. ली वॉख्टस्टेटर या दुसऱ्या, क्रिस्टल सेरेनिटीवर राहायच्या, २०१५ मध्ये बातम्या आल्या तेव्हा वर्षाला सुमारे १ लाख ६४ हजार डॉलर भरत होत्या, आणि ती कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बुडाली. स्वस्तातला प्रयत्नही झाला, लाइफ ॲट सी नावाची तीन वर्षांची जगप्रदक्षिणा, वर्षाला ३० हजार डॉलरपासून पुढे. लोकांनी घरं भाड्याने दिली, सामान विकलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कळलं की बोट घ्यायचा व्यवहारच झाला नाही, रद्द. त्यानंतर व्हिला वी ओडिसी नावाची तशीच राहायची बोट, ती २०२४ मध्ये दुरुस्तीपायी बेलफास्टच्या धक्क्यावर चारेक महिने अडकली होती. वृद्धाश्रम बंद पडला तर निदान रिक्षा करून दुसरीकडे जाता येतं.

शेवटचा मुद्दा, मेल्यावर समुद्रात फुकट. मोठ्या क्रूझ बोटींवर शवागार असतं, छोटंसं, मृतदेह त्यात ठेवतात आणि बंदरावर उतरवतात, तिथून घरी आणायचा तर कागदपत्रं, दूतावास, विमानाचं कार्गो, सगळा खर्च नातेवाइकांचा. म्हणजे फॉरवर्डमध्ये जिथे खर्च वाचतो म्हटलंय नेमका तिथेच सगळ्यात मोठा खर्च.

क्रूझ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तीन-चार रात्री जा, बिलाची लाइन आदल्या रात्रीच उरका, मजा येते, मी परत जाईन.

काल मावशीला भेटायला गेलो तेव्हा तिला हा फॉरवर्ड मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला, मग म्हणाली, 'घारापुरीला लाँचमधून जाताना मला बोट लागली होती, तुझ्या काकांनाच माझी पिशवी धरावी लागली होती, विसरले वाटतं.' आणि ताटातली कोथिंबीर निवडायला लागली, संध्याकाळी त्यांच्याकडे वड्या होत्या.