रिव्ह्यू मी लिहायचा, नाव सरांचं

आमच्या लॅबच्या सरांना एका जर्नलकडून, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाकडून, 'उत्कृष्ट परीक्षक' म्हणून प्रमाणपत्र आलंय. त्यांनी ते स्वतःच लॅबच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर अभिनंदनाची रांग लागली. माझा हात उचलला गेला नाही. कारण या वर्षी त्या जर्नलला सरांच्या नावाने गेलेला एकूण एक रिव्ह्यू, म्हणजे पेपर छापण्याआधीचं परीक्षण, मी लिहिलाय. त्यातल्या एकाही पेपरचं मेथड्स सेक्शन, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, सरांनी उघडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

'वेळेवर, सखोल आणि विधायक परीक्षणाबद्दल' असं छापलंय त्यावर. वेळेवर, कारण पोर्टलचं स्मरणपत्र सरांना आलं की पाच मिनिटांत ते माझ्या इनबॉक्समध्ये पडतं आणि माझं स्वतःचं काम तिथेच थांबतं. सखोल, कारण पेपरला जोडलेल्या सप्लिमेंटरी फाइलमधली टेबलं उघडून मुख्य मजकुरातले आकडे मी एकेक करून ताडून बघते. विधायक, कारण 'हे चूक आहे' एवढं लिहून मी थांबत नाही, काय केलं तर ते बरोबर होईल तेही लिहिते. तिन्ही गोष्टी माझ्या. प्रमाणपत्रावर माझं नाव नाही, एडिटरच्या यादीत नाही, मी असले काय नि नसले काय.

बरं, मी लिहिलेलं निदान जसंच्या तसं तरी जावं! परवाच्या पेपरचंच घ्या. प्रयोगात उंदीर सहा. प्रत्येक उंदराच्या ऊतीतल्या शेकडो पेशी मोजलेल्या, आणि स्टॅटिस्टिक्स लावताना प्रत्येक पेशी स्वतंत्र निरीक्षण म्हणून धरलेली. एका उंदरातल्या पेशी एकमेकींसारख्या असणारच, त्यामुळे उंदीर सहा असतील तर एन, म्हणजे स्वतंत्र निरीक्षणांची संख्या, सहाच. तो हजारांत नेलात की पी-व्हॅल्यू हवी तेवढी खाली येते, आणि ती जितकी खाली तितका निकाल भक्कम दिसतो. पेपरचा मुख्य निष्कर्ष याच एका गोष्टीवर उभा होता. मी तो पहिला मुद्दा म्हणून मांडला. उंदीरनिहाय फरक धरणारं मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल वापरा, प्रत्येक उंदराचा डेटा वेगळा दाखवा, कच्चे आकडे द्या, असं लिहिलं. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठी दुरुस्ती, सुचवलं. त्यासाठी अख्खा वीकेंड गेला.

काल डिसिजन लेटर, म्हणजे रिव्ह्यूंसकट एडिटरचा निर्णय, आलं. त्यात माझा पहिला मुद्दा नाहीच! अवाक्षरही नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं, जरा कडक होत होतं ते. ओळखीचा ग्रुप आहे." आणि मुद्दा काढून रिकाम्या झालेल्या जागी काय घातलंय? 'लेखकांनी पुढील महत्त्वाच्या कामाची दखल घ्यावी' असं लिहून सरांच्याच पेपरांची यादी. त्यातला एक पेपर तर ज्या अवयवावर हा अभ्यास होता त्यावरचाही नाही. शिफारस मायनर रिव्हिजन, म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणजे चुकीचं स्टॅटिस्टिक्स तसंच छापून येणार, सरांचे सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत त्यांच्या पेपरांचे उल्लेख) वाढणार, आणि कुठेतरी कोणीतरी पीएचडीचं अख्खं वर्ष तो निकाल पुन्हा मिळवायला घालवून शेवटी स्वतःच्या हातालाच दोष देत बसणार.

ओळखीचा ग्रुप असेल तर ते एडिटरला सांगायचं असतं. फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना असतो. 'कोप' या प्रकाशनातल्या नीतिमत्तेच्या समितीच्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की जर्नलच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला रिव्ह्यूत सामील करू नका, ज्याने मदत केली त्याचं नाव कळवा, निव्वळ स्वतःचे सायटेशन्स वाढवायला स्वतःचे पेपर सुचवू नका. सरांनी एका रिव्ह्यूत तिन्ही नियम मोडले आणि बक्षीस घेऊन आले. वर मला आता प्रत्येक फॉरवर्डबरोबर एकच ओळ येते, 'तुझ्या शिकण्यासाठी पाठवतोय.'

काय शिकले मी? पहिला पेपर आला तेव्हा सोबत 'बघ जरा, रविवारपर्यंत' एवढंच आलं होतं. रिव्ह्यू किती लांब लिहायचा, एडिटरसाठीच्या गोपनीय रकान्यात काय जातं आणि लेखकांसाठीच्या रकान्यात काय, मेजर आणि रिजेक्टची सीमा कुठे, एखादी पद्धत मला येत नसेल तर तसं उघड लिहायचं की नाही, यातलं काहीही कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याचं अप्रकाशित काम आपल्याकडे विश्वासाने आलेलं असतं, त्यातलं काही बाहेर बोलायचं नाही, एवढं साधंसुद्धा नाही. हे सगळं मी आम्हाला आलेले रिव्ह्यू वाचून वाचून काढलं, आणि त्यातले निम्मे कोणालाही उदाहरण म्हणून देऊ नयेत असे होते. गाडी शिकवतानासुद्धा शेजारच्या सीटवर कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसतं. इथे किल्ली हातात देऊन माणूस घरी निघून जातो.

आणि हे माझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही, हेच जास्त चीड आणणारं आहे. २०१९ मध्ये 'ईलाइफ' या जर्नलमध्ये तरुण संशोधकांचं सर्वेक्षण आलं होतं. उत्तर देणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनी सांगितलं की वरिष्ठांच्या नावावर आपण रिव्ह्यू लिहून दिलेत. निम्म्यांनी! एडिटर समजतात की तीस वर्षांच्या अनुभवाने हा पेपर वाचला. वाचलेला असतो दुसऱ्या वर्षाच्या मुलीने, एकटीने, आणि ते एडिटरला माहीत नसतं म्हणून तिला 'इथे चुकलीस' असं सांगणारंही कोणी नसतं.

सरांची एक आवडती गोष्ट आहे, कोणाचा पेपर रिजेक्ट झाला की लॅब मीटिंगमध्ये हमखास निघते. १९३६ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला, एडिटरने तो परीक्षकाला दाखवला, आइन्स्टाइन भडकले आणि पेपर परत घेतला. सगळे हसतात. बघा, रेफ्री, म्हणजे परीक्षक, आइन्स्टाइनलाही सोडत नाहीत! आणि सर तिथेच थांबतात. पुढची गोष्ट ते कधीच सांगत नाहीत. त्या पेपरचा निष्कर्ष होता की अशा लहरी नसतातच. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांनी दहा पानं टिपण लिहून चूक दाखवली होती आणि ती चूक खरोखरच होती. पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. दहा पानं! आइन्स्टाइनच्या पेपरवर! ते रॉबर्टसनना 'जरा कडक' वाटलं नाही. ओळखीचं नाव बघून त्यांनी पहिला मुद्दा खोडून टाकला असता तर?

नावाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. २०२२ मध्ये 'पीएनएएस' या जर्नलमध्ये आलेला प्रयोग. अर्थशास्त्रातला एकच पेपर, लेखक दोघे, एक नोबेल विजेते आणि दुसरे फारसे कोणाला माहीत नसलेले संशोधक. काही परीक्षकांना फक्त पहिलं नाव दाखवलं, काहींना फक्त दुसरं. नोबेलवाल्या नावाखाली २३ टक्क्यांनी रिजेक्ट म्हटलं, अनोळखी नावाखाली ६५ टक्क्यांनी. शब्द न् शब्द तोच पेपर. म्हणजे आमच्यासारख्यांचा पेपर जातो तेव्हा तो वाचायच्या आधीच निम्मा हरलेला असतो.

त्यातून मग ते रिव्ह्यूअर. 'नावीन्य नाही' असं लिहितात आणि आधी कोणी केलंय ते सांगत नाहीत. 'इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्या' ही ओळ तर माझ्या डोक्यात जाते. आमच्या एका पेपरला ही टिप्पणी आली होती आणि त्या पेपरची दुसरी लेखिका जन्माने इंग्रजी बोलणारी आहे. आडनावं बघून लिहिलं होतं, मजकूर बघून नव्हे. दुसऱ्या एकाने आणखी तीन प्रयोग मागितले, त्यातला एक पेपरच्या प्रश्नाशी संबंधित नव्हताच. एकाने तर आम्ही दुसऱ्याच आकृतीत दिलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) 'नाही' म्हणून रिजेक्ट सुचवलं. एडिटरने तिन्ही रिव्ह्यू न वाचता एकत्र चिकटवून पाठवून दिले. रिव्ह्यू एकमेकांच्या विरुद्ध असतील तर एडिटरने कौल द्यायचा असतो, पण कोण देतो?

प्रशिक्षण द्या म्हटलं की एका दिवसाची कार्यशाळा लावतात. त्याचं काय होतं तेही मोजून झालंय. 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलच्या परीक्षकांवरचा १९९८ चा अभ्यास आहे. एका पेपरमध्ये मुद्दाम ८ उणिवा पेरल्या, तो ४२० जणांना पाठवला, २२१ जणांचे रिव्ह्यू आले. सरासरी सापडल्या २. पाचाहून अधिक कोणालाच सापडल्या नाहीत. पुढे २००४ मध्ये त्याच मंडळींनी छोट्या प्रशिक्षणाचा परिणाम तपासला, तर फरक जेमतेम आणि तोही टिकणारा नाही. नाहीच टिकणार! स्लाइड बघून नजर तयार होत नाही. आपण लिहिलेला रिव्ह्यू कोणीतरी आपल्या शेजारी बसून वाचला पाहिजे, 'ही मागणी अवाजवी आहे', 'ही चूक तुझ्या नजरेतून सुटली', 'हे वाक्य वाचून लेखक दुखावेल आणि मुद्दाही कळणार नाही' असं सांगितलं पाहिजे. मग दुसरा, मग तिसरा. यातलं एकही अवघड नाही. एका तासाचं काम आहे, आणि तोच तास द्यायची कोणाची तयारी नाही.

ग्रँटच्या, म्हणजे संशोधन निधीच्या, अर्जांचं तर विचारूच नका. पेपर रिजेक्ट झाला तर दुसऱ्या जर्नलला जातो. ग्रँट गेली की पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधकाची) नोकरी जाते, एखादी लॅब बंद पडते. आणि हे अर्ज तपासायचं काम मला सरांनी 'गुण तेवढे टाकून ठेव' म्हणून दिलं. १ ते ९ ची पट्टी, त्यात १ सर्वोत्तम. ३ आणि ४ मध्ये फरक काय, विचारलं तर उत्तर आलं, "अंदाजाने." अंदाजाने! समोर माणसाच्या आयुष्याची तीन-चार वर्षं आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'एनआयएच' या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पद्धतीने ४३ परीक्षकांकडून २५ अर्ज तपासून घेतले होते. एकाच अर्जाला वेगवेगळ्या परीक्षकांनी दिलेले गुण दोन वेगळ्याच अर्जांच्या गुणांपेक्षा जास्त जुळत नव्हते. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रकरण तर १९९७ चं. वेनेरोस आणि वोल्ड या दोघींनी परीक्षकांचे गुण कायद्याने मागून घेऊन हिशेब मांडला, तर पुरुषाइतके गुण मिळवायला बाईला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. ते गुण देणारेही अनुभवी प्राध्यापकच होते आणि त्यांनाही कोणी कधी विचारलं नव्हतं की हा आकडा कशावरून टाकलात.

म्हणून मी त्या अर्जांना नुसते गुण टाकले नाहीत. प्रत्येक गुणाखाली कारण लिहिलं, अर्जातल्या कोणत्या पानावरून ते काढलं तेही लिहिलं. सरांनी कारणं काढून टाकली. पॅनेलला 'एवढं वाचायला वेळ नसतो' म्हणे.

आणि वेळ वाचवायला आता एआय आहेच. ओळखीच्या एका लॅबला परवा आलेला रिव्ह्यू वाचला. गुळगुळीत परिच्छेद, पेपरचा सारांश, 'मर्यादांवर अधिक चर्चा करावी', आणि संपूर्ण रिव्ह्यूत एकाही आकृतीचा क्रमांक नाही. 'एनआयएच'ने २०२३ मध्ये अर्ज तपासायला असली साधनं वापरू नका म्हणून सांगितलं, कारण दुसऱ्याचा गोपनीय अर्ज तुम्ही बाहेरच्या यंत्रणेत नेऊन टाकता. पण ज्याला मुळात पेपर वाचायचाच नाही, त्याला या नियमाने काय फरक पडतो? आधी विद्यार्थ्यावर ढकलत होता, आता मशीनवर ढकलेल. मला भीती वाटते ती पुढच्या मुलांची. त्यांच्या हातात तर उदाहरण म्हणूनसुद्धा माणसाने लिहिलेला रिव्ह्यू पडणार नाही.

हे सगळं फुकट चालतं, तेही ऐका. २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी १० कोटींहून अधिक तास दिले असा एक अंदाज २०२१ मध्ये छापून आला होता. त्यातले किती तास माझ्यासारख्यांचे, ते कुठल्याच पोर्टलवर नोंदलेलं नाही. मला पैसे नकोत. मला हे काम आवडतं, मनापासून आवडतं. कोणाच्या तरी कामात खोल शिरून 'इथे भिंत कच्ची आहे' असं वेळेत सांगता येणं ही संशोधनातली फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्याचं असं वाटोळं केलेलं बघवत नाही.

एडिटर लोकांनो, तुमच्या फॉर्मवर 'या रिव्ह्यूत आणखी कोणी मदत केली का' हा रकाना सक्तीचा करा. डिसिजन लेटर आणि बाकीचे रिव्ह्यू परीक्षकांनाही पाठवा, म्हणजे आपल्याला काय दिसलं आणि दुसऱ्याला काय, ते कळेल. बरीच जर्नल्स पाठवतात, उरलेल्यांना काय अडचण आहे?

आज सकाळी पुन्हा एक पेपर आला, तीच 'तुझ्या शिकण्यासाठी'ची ओळ घेऊन. या वेळी मी उत्तर लिहिलंय. सर, सह-परीक्षक म्हणून माझं नाव एडिटरला आधी कळवा. माझा कुठलाही मुद्दा काढायचा असेल तर माझ्यासमोर, कारण सांगून काढा. मग रविवारपर्यंत देते. हे जमत नसेल तर पेपर परत पाठवतेय, मेथड्स पान चारपासून आहेत, तुम्ही वाचा.