थेडा बाराचा मी पाहिलेला एकमेव चित्रपट

मूकपटांच्या काळातली हॉलिवूडची नटी थेडा बारा, तिचे फोटो मी किती पाहिले असतील, त्याला मोजदाद नाही. काजळाने भरलेले डोळे, सुटे केस, आणि 'क्लिओपात्रा'च्या त्या फोटोत छातीवर वेटोळं घालून बसलेले साप. तिचा चित्रपट मात्र मला एकच बघायला मिळाला, १९१५ चा 'अ फूल देअर वॉज'.

बाई त्या काळातली फॉक्स स्टुडिओची केवढी मोठी स्टार! चाळीसेक चित्रपट केले. पूर्ण शाबूत राहिलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. १९१७ च्या 'क्लिओपात्रा'चे तर नुसते तुकडे उरलेत, बघायला बसलं की बसेपर्यंत संपतात.

जुलै १९३७. न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावात फॉक्सचं फिल्म साठवायचं गोदाम होतं. कडक उन्हाळा, आणि आत नायट्रेट फिल्मचे डबे. ही फिल्म सडायला लागली की आपोआप तापते, आणि एकदा पेटली की पाणी ओतूनही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. गोदाम गेलं. आगीत एका मुलाचा जीवही गेला. थेडा बारा १९५५ पर्यंत जगली. आपलं आयुष्यभराचं काम राख झालेलं तिला जिवंतपणी बघावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं, अजून लागतं.

पण सगळा दोष आगीला देऊन चालणार नाही. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही. मग फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी रिळंच्या रिळं स्टुडिओंनी स्वतःच नष्ट केली. अमेरिकेतल्या मूकपटांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास आज कुठेच नाहीत. उलट कॅनडातल्या डॉसन सिटीत, जिथून रिळं परत पाठवायचा खर्च वितरकांना नको होता, तिथे ती जुन्या पोहण्याच्या तलावात पुरली गेली आणि गोठलेल्या जमिनीत टिकली. १९७८ मध्ये खोदकाम करताना पाचशेहून जास्त रिळं निघाली! नकोशी झाली म्हणून वाचली.

आपल्याकडेही तेच. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एक फूटभर फिल्म कुणाकडे नाही. फाळक्यांचं जे काही आज बघता येतं, त्यामागे पी. के. नायर यांची वणवण आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि या माणसाने डबा डबा गोळा करत ते उभं केलं. माझ्या लेखी कुठल्याही सुपरस्टारपेक्षा त्यांचे उपकार मोठे आहेत.

आणि आज? २०२२ मध्ये हॉलिवूडचा 'बॅटगर्ल' हा चित्रपट जवळपास तयार असताना कपाटात बंद केला गेला, करात सूट मिळावी म्हणून. मायकल कीटन पुन्हा बॅटमॅन झाला होता, ब्रेंडन फ्रेझर खलनायक होता. त्याच फ्रेझरला पुढच्याच वर्षी ऑस्कर मिळालं, पण हे काम त्याच्या चाहत्यांना दिसणार नाही. मी स्वतः एका ॲपवर पैसे मोजून विकत घेतलेला चित्रपट एका रात्री 'उपलब्ध नाही' झाला. तक्रार केली तर उत्तर आलं की हक्क संपले. मग मी विकत काय घेतलं होतं?

म्हणून मी चित्रपटांच्या डिस्क घेतो. घरात जागा नाही, तरी घेतो. 'ओपनहायमर'च्या वेळी त्याचा दिग्दर्शक नोलन याने स्वतः लोकांना डिस्क घ्या म्हणून सांगितलं, ते उगीच नाही. पहिल्या दिवशी पहिला शो, ट्रेलरवर भांडणं, कलेक्शनचे आकडे, हे सगळं मीही करतो. पण जो स्टार आपल्याला इतका आवडतो, त्याचं काम पन्नास वर्षांनी कुणाला दिसेल का, याची काळजी चाहत्याने नाही तर कुणी करायची?

तुमच्यापैकी कुणाच्या गावात बंद पडलेलं थिएटर असेल, कुणाचे आजोबा तंबूत सिनेमे दाखवत असतील, तर एकदा माळा बघा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तरी फेकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. फिल्म फार जुनी असेल तर आगीपासून लांब ठेवा आणि पुण्याला लॉ कॉलेज रोडवर संग्रहालयात कळवा. कुणाकडे असं काही असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी सोबत येईन.