‘गेट बॅक’ म्हणजे केवळ ‘परत येणे’ नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये वारंवार पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशात तीन दावे असतात: ‘गेट बॅक’ म्हणजे ‘रिटर्न’च, ‘कम बॅक’, ‘गो बॅक’ आणि ‘गेट बॅक’ एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत, आणि लेखी इंग्रजीत या सर्वांऐवजी ‘रिटर्न’ लिहिणेच शुद्ध. प्रत्येक दाव्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते शिकणाऱ्याला सहज चकवतात.

पहिला दावा ‘आय गॉट बॅक लेट’ अशा वाक्यापुरता बरोबर आहे, पण तेथेही भर निघण्यावर नसून पोहोचण्यावर असतो. मध्ये कर्म आले की अर्थ ‘परत मिळवणे’ असा होतो: ‘आय गॉट माय बुक बॅक’. हे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते, म्हणून ‘गेट इट बॅक’ बरोबर आणि ‘गेट बॅक इट’ चूक. ‘गेट बॅक टू वर्क’ म्हणजे थांबलेले काम पुन्हा हाती घेणे, तर ‘आय विल गेट बॅक टू यू’ हे चौकशी करून नंतर उत्तर देण्याचे आश्वासन असते. तेथे ‘रिटर्न’ घातले तर उत्तराचा अर्थ जाऊन स्वतःच परत येण्याचा अर्थ निघतो. ‘टू’च्या जागी ‘ॲट’ आले, तर त्याच व्यक्तीवर सूड उगवण्याची भाषा होते. एवढा फरक शिकणाऱ्यापासून दडवणे मला गंभीर वाटते.

दुसरा दावा तर मराठी माणसाला पटायलाच नको, कारण ‘परत ये’ आणि ‘परत जा’ यांतला भेद आपण रोज पाळतो. ‘कम बॅक’ साधारणपणे बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या ठिकाणाकडे, तर ‘गो बॅक’ अन्यत्र नेते. निरोप घेणाऱ्या पाहुण्याला ‘व्हेन विल यू कम बॅक?’ असे विचारणे आपुलकीचे असते. पण नुकत्याच आलेल्या पाहुण्याला ‘व्हेन विल यू गो बॅक?’ असे विचारले, तर आपण त्याच्या जाण्याची वाट पाहतो आहोत असे त्याला वाटू शकते. ‘गेट बॅक’ला अशी ठरलेली दिशा नसते.

राहिला शुद्धतेचा मुद्दा. ‘रिटर्न’ अधिक औपचारिक आहे, हे मान्य. मात्र औपचारिक पत्रात प्रसंगानुसार ‘रिप्लाय’, ‘रिकव्हर’ किंवा ‘रिझ्यूम’ निवडावे लागते, आणि ‘रिटर्न बॅक’ टाळावे, कारण ‘रिटर्न’मध्ये परतण्याचा अर्थ आधीच आहे.