रिकामा रकाना म्हणजे 'कारण सापडले नाही' असे नव्हे

निपाणीच्या वाचकमित्रांस सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांनी कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) सुजेचे कारण लिहिलेले नसेल तर ते अज्ञातच मानावे आणि 'इडिओपॅथिक'चा (म्हणजे तपासूनही कारण न सापडलेल्या आजाराचा) कोड लावून मोकळे व्हावे, त्याहून अधिक काथ्याकूट म्हणजे निव्वळ शब्दच्छल, असे आपण कळवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीपुरते बोलायचे तर आपला आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे, कारण तिथे एच१८.२ या सुजेच्या कोडापुढे हा भेदच नाही. मात्र बेळगावात बसून मी ज्या अमेरिकी बाह्यरुग्ण नोंदींना आजारांचे कोड लावतो, त्यांना १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही त्या यादीची अमेरिकी आवृत्ती लागू आहे आणि त्यात कारण न नोंदलेल्या सुजेला एच१८.२०, कॉन्टॅक्ट लेन्समुळे आलेल्या सुजेला एच१८.२१, इडिओपॅथिक सुजेला एच१८.२२ व इतर दुय्यम सुजेला एच१८.२३ अशी वेगळी घरे आहेत.

आपल्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यात वारसाची नोंद नसणे आणि तलाठ्याने चौकशी करून 'वारस आढळला नाही' असे लिहिणे, या दोन गोष्टी कोणी एक मानत नाही. 'इडिओपॅथिक' हा दुसऱ्या प्रकारचा शेरा आहे. तो डॉक्टरांनीच द्यायचा असतो.

अशीच एक नोंद माझ्यासमोर आली होती. सकाळी उठल्यावर धूसर दिसते, दुपारपर्यंत निवळते. कॉर्नियाची जाडी ६१० मायक्रॉन, म्हणजे नेहमीच्या सुमारे ५४० हून बरीच जास्त. निदानाच्या ओळीत फक्त 'कॉर्नियल इडिमा', म्हणजे कॉर्नियाची सूज. मागच्या पानावर परिचारिकेने कॉन्टॅक्ट लेन्सचा उल्लेख केला होता. आपल्या पद्धतीने ही सूज एच१८.२२ मध्ये गेली असती, आणि माझा हात (खोटे कशाला बोलू) एच१८.२१ कडे वळला होता. पण लेन्स आणि सूज यांचा संबंध डॉक्टरांनी जोडलेला नसताना तो मी जोडणे नियमात बसत नाही. म्हणून कोणतेही उत्तर न सुचवता कारणाविषयी विचारणा पाठवली. उत्तर आले ते दोन्ही डोळ्यांतील फुक्स डिस्ट्रॉफीचे (कॉर्नियाच्या आतल्या थराच्या आजाराचे), आणि निदान थेट त्या आजाराच्या एच१८.५१३ वर गेले.

विचारणेत वेळ जातो व दिवसाचे टार्गेट मागे पडते, ही आपली तक्रार खरी आहे. उत्तर आलेच नाही, किंवा नुसतेच 'संशयित' म्हणून एखादे कारण आले, तर मी एच१८.२० लावतो, कारण बाह्यरुग्ण नोंदीत संशयाला कोड देता येत नाही.