फुटपाथवर घोडं दामटायचंय? मग एवढं वाचाच

इंग्लंडातल्या घोडेस्वारांची मला अलीकडे फार कीव येते. तिकडे शेतांमधून, ओढ्याकाठाने, टेकड्यांवरून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचं मोठं जाळं आहे आणि त्यातल्या बहुतेक वाटा फक्त पायी चालणाऱ्यांच्या. वाटेच्या तोंडाशी खांबावर पिवळा बाण असेल तर चालत जायचं, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. घोडेस्वारांच्या वाट्याला सगळं मिळून जेमतेम पाचवा हिस्सा येतो. म्हणून बिचारे मागणी करत बसलेत की आणखी पायवाटा आम्हालाही खुल्या करा. निवेदनं देतात, जुने नकाशे धुंडाळून 'इथून पूर्वी घोडे जायचे' याचे पुरावे गोळा करतात, शेजारच्या स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने नीट वागणाऱ्या घोडेस्वारांना किती मोकळीक दिली त्याचे दाखले देतात.

परवानगी मागतात हो! पायवाटेवर जायला! यांच्यातल्या चार जणांना कुणीतरी पुण्यात आणा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास कर्वे रोडला नुसतं उभं करा. डोळे उघडतील.

आपल्याकडे हा प्रश्न कधीच सुटलाय. दुचाकीवाल्यांनी ना निवेदन दिलं ना मोर्चा काढला, एक दिवस कुणीतरी पुढचं चाक उचलून फुटपाथवर ठेवलं, मागच्याने ते बघितलं, झालं. आता राहिलाय तो फक्त घोडा. लग्नाच्या वरातीपुरता त्याला रस्त्यावर आणायचं, बँडसमोर तासभर ताटकळत ठेवायचं आणि फुटपाथ मात्र बंद, हा कुठला न्याय? तेव्हा ज्यांना स्वतःचं घोडं पुढे दामटायची हौस आहे (म्हणजे जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

आधी कायद्याची भीती मनातून काढा. महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 चा, त्यात फुटपाथवर जनावर किंवा वाहन हाकायला, चालवायला, सोडून जायला मनाई आहे. जनावर आणि वाहन, दोन्ही एकाच वाक्यात. आता त्यातल्या वाहनाला आपण सगळ्यांनी मिळून प्रेमाने सूट दिलेली आहे, तर जनावराने काय घोडं मारलंय? त्याच वाक्यात सूट फक्त बाळाच्या बाबागाडीला आहे. हे वाचून मी खूप वेळ हसत होते, कारण अख्ख्या शहरात फुटपाथवरून जाऊ न शकणारी एकच गाडी असेल तर ती बाबागाडी. लेकीची बाबागाडी आम्ही घेतली आणि ती लिफ्टमधून पार्किंगपर्यंत आणि पार्किंगमधून लिफ्टपर्यंत फिरली.

घोडा कसला घ्यावा? अरबी वगैरे भानगडीत पडू नका. आपलं भीमथडीचं तट्टू घ्या, काटक, बुटकं, दगडधोंड्यातनं चालायची पिढीजात सवय. पेव्हर ब्लॉकवर तेच टिकेल. स्वतःचा घोडा परवडत नसेल तरी नाराज होऊ नका, मराठ्यांच्या फौजेतसुद्धा स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार वेगळे आणि सरकारी घोड्यावर बसणारे बारगीर वेगळे होते. आजही तसंच आहे. स्वतःच्या बाईकवर पार्सल पोचवणारे शिलेदार आणि भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाले बारगीर. फुटपाथवर दोघांची दौड सारखीच असते.

लायसन नाही, पीयूसी नाही, नंबरप्लेट नाही, म्हणजे चौकातल्या कॅमेऱ्याने फोटो काढला तरी चलान पाठवणार कुणाला, घोड्याला?

चढायचं कुठून हा प्रश्न नवशिक्यांना पडतो. फुटपाथला जागोजागी उतार केलेले असतात. व्हीलचेअरसाठी, असं कागदावर म्हणतात. त्या उतारावर गाड्या चढू नयेत म्हणून तिथे खांब रोवतात आणि ते खांब इतके विचार करून रोवलेले असतात की मधून बाईक आरशांसकट आरामात जाते आणि व्हीलचेअर अडकते. घोडा तर काय, डुलत जाईल. जंगली महाराज रोडला तर फुटपाथ इतके ऐसपैस केलेत की शेजारी शेजारी दोन घोडे गप्पा मारत जाऊ शकतील. चालणाऱ्यांसाठी रुंद केले होते म्हणतात.

पुढे अडथळे येतील. बाकीचे लोक त्याला अतिक्रमण म्हणतात, तुम्ही शो जम्पिंग म्हणा, घोड्यांचा अडथळ्यांवरून उड्या मारायचा खेळ. डीपी बॉक्स, त्याच्यापुढे वडापावची गाडी, तिच्या मागे तेलाचा डबा, मग केबलवाल्यांनी खणून तशीच ठेवलेली चारी, मग बांधकामाची वाळू, मग 'भावी नगरसेवक' यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू नेमका कपाळाच्या उंचीवर. पिवळ्या खाचांच्या फरश्या दिसल्या तर त्या धरून चाला, त्या दृष्टिहीन लोकांसाठी आहेत आणि सरळ नेऊन झाडाच्या कठड्यावर आदळतात, घोड्याला डोळे आहेत तो थांबेल. रस्ते कसे बांधावेत याचे नियम ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची हवी. हे वाचून जरा शांत बसा. मग पुढे चला.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकखालून चिखलाची पिचकारी उडते. घोड्यावर असल्याने तुम्ही कोरडे.

आता मुख्य भाग. फुटपाथवर अधूनमधून माणसं लागतात. हो, अजूनही आहेत काही. त्यांचं काय करायचं हे नीट शिकून घ्या कारण इथंच घोडं पेंड खातं. माणूस समोरून येत असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, तो आपोआप बाजूला होतो. माणूस पाठमोरा असेल तर हॉर्न द्यायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत घोडा खिंकाळेल अशी व्यवस्था करायची. थोडा वेळ वाट बघून हॉर्न दिला तर तुम्ही कच्चे ठरता, लगेच द्यायचा, आणि अगदी मागे येऊन द्यायचा. गेल्या आठवड्यात मी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणत होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलेला. रिक्षा कुणी थांबत नव्हता, ते सांगायला नकोच. म्हटलं चला, दोन चौक तर आहेत, फुटपाथने हळूहळू जाऊ. तर पाठीमागून असा कर्कश्श हॉर्न, की त्या दचकून झाडाच्या जाळीला धडकल्या. मी वळून बघते तर बाईक. फुटपाथवर. आणि त्याच्यामागे आणखी बाईकची रांग, सगळे शिस्तीत एकामागे एक, रस्त्यावर जी शिस्त आयुष्यात दिसत नाही ती फुटपाथवर! मी काही बोलायच्या आत तोच म्हणतो, "काकू, किती वेळ हॉर्न देतोय, साइड द्या ना." मी म्हटलं अरे हा फुटपाथ आहे. तर म्हणे, "माहितीये हो, पण खाली बघा ना किती ट्रॅफिक आहे." म्हणजे त्याला माहिती होतं! मला वाटलेलं चुकून आला असेल. मी हलले नाही. मग मागचा एक ओरडला, "एवढ्या गर्दीत आजींना बाहेर कशाला आणता, घरी बसवा की." त्याच्या टाकीवर पुढे शाळेच्या गणवेशातला मुलगा बसलेला होता, तो सगळं बघत होता. आणि ही सगळी हुज्जत चालू असताना शेजारच्या दुकानाच्या पायरीवर उभा एक गृहस्थ मलाच समजावतोय की जाऊद्या ताई, होतं असं, तुम्हीच जरा बाजूला व्हा, कशाला वाद. बाजूला म्हणजे कुठे? एका बाजूला लावलेल्या स्कूटर, दुसऱ्या बाजूला रस्ता. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे गं त्यांना, घाई असेल." आणि रांगेतली प्रत्येक बाईक आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली, एकानेही हात वर करून सॉरी म्हटलं नाही. तर सांगायचा मुद्दा काय, की घोड्यावरून जाताना तुम्हीही असंच करा. म्हाताऱ्या माणसाला घरी बसायचा सल्ला अवश्य द्या, उंचावरून दिला की जास्त शोभतो.

कुणी फारच वाद घातला तर 'दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे' म्हणा.

थांबल्यावर घोडा बांधायचा कुठे? 'नो पार्किंग'च्या पाटीला. पाटी त्यासाठीच असते, भक्कम असते. एटीएमच्या पायऱ्यांना आडवा बांधला तरी चालेल. लीद पडली तर काळजी नको, तिथे आधीच इतकं काय काय असतं की कुणाच्या लक्षात येणार नाही.

11 डिसेंबरला मात्र घोडा घरीच ठेवा, त्या दिवशी पुण्यात पादचारी दिन असतो. 2021 पासून दरवर्षी लक्ष्मी रोडचा एक टप्पा वाहनांना बंद करतात, रांगोळ्या, सेल्फी, भाषणं, लोक रस्त्याच्या मधोमध चालून बघतात. 12 तारखेला खुशाल काढा. शहराचं पादचारी धोरणही आहे बरं का, 2016 सालचं, चांगलं लिहिलंय, आणि 14 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोकळ्या फुटपाथवरून चालायला मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधला हक्क आहे. कलम 21 म्हणजे जगण्याचा हक्क. राज्यांना दोन महिन्यांची मुदतही दिली होती. तुम्ही त्याने बिचकू नका. निकाल वाचून कुणी बाईक खाली उतरवल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

मुंबईत व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी लोकांना फिरवणाऱ्या घोडागाड्या, ओढणाऱ्या घोड्यांचे हाल बघून हायकोर्टाने 2015 साली त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांसाठी कुणीतरी कोर्टात गेलं, कोर्टाने ऐकलं आणि गाड्या बंद झाल्या, चांगलंच झालं. चालणाऱ्या माणसाचंही कोर्टाने ऐकलंय. फरक एवढाच की पुढे काही झालं नाही.

पुरे झाला घोडा. मला आता चेष्टाही सुचत नाहीये.

2022 मध्ये या देशात रस्त्यावर 32,825 पादचारी मेले. केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. त्या वर्षी रस्त्यावर मेलेल्या दर पाच माणसांमागे जवळपास एक जण पायी चालणारा होता. माणूस रस्त्याच्या कडेने का चालतो? हौस म्हणून? फुटपाथवर तुम्ही आहात म्हणून तो खाली उतरतो आणि खाली दुसरा कुणीतरी त्याला उडवतो. तुमच्या गाडीला ओरखडाही येत नाही, तुम्ही तोवर पुढच्या सिग्नलला पोचलेले असता.

आणि ती ट्रॅफिकची कारणं मला सांगू नका. खड्डे आहेत, खोदकाम आहे, सिग्नल मोठा आहे, सगळं खरं आहे. त्याच खड्ड्यातून आणि त्याच सिग्नलला आम्हीही जातो. प्रशासनाने फुटपाथ धड बांधले नाहीत, खांब चुकीचे लावले, कारवाई होत नाही, हेही खरं आहे आणि त्यांना शिव्या द्यायला मी कायम पुढे असेन. पण खांबांमधलं अंतर जास्त ठेवलं म्हणून तुम्ही तिथून गाडी घालायचीच असं कुणी सांगितलंय? उद्या शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं तर आत जाऊन झोपाल का? शिकलेली माणसं आहात ना? अमेरिकेत, जर्मनीत, दुबईत जाता तेव्हा निमूट लेनमध्ये चालवता, तिथले फुटपाथ कसे स्वच्छ आणि मोकळे म्हणून फोटो टाकता, खाली 'आपल्याकडे असं कधी होणार' लिहिता. आणि विमानतळावरून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दूध आणायला फुटपाथवरून जाता, तेही उलट्या दिशेने.

पोरांना पुढे बसवून हे करता याची तर खरंच लाज वाटली पाहिजे. तो मुलगा शाळेत वाहतुकीचे नियम पाठ करतो, फुटपाथ कुणासाठी असतो याचं उत्तर लिहून मार्क मिळवतो आणि घरी येताना बापाच्या टाकीवर बसून म्हाताऱ्या बाईला हॉर्न मारताना बघतो. अजून आठ-दहा वर्षांनी त्याच्याही हातात गाडी असेल.

आणि पायरीवर उभे राहून 'जाऊद्या ताई' म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते. मला गप्प करायला जी ताकद लावता ना, तिच्या निम्मी त्याला खाली उतरवायला लावा. एकदा तरी गाडीसमोर माझ्याबरोबर उभे राहा. आणि गाडीवाल्या दादा, तुला उशीर होतोय तर घरून दहा मिनिटं आधी निघ. नसेल जमत तर उशिरा पोच, बॉसची बोलणी खा. माझ्या सासूच्या पाठीत हॉर्न मारू नकोस.